आमची बंदूक

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मनुष्याने कोणते नवे नाद लावून घेऊ नयेत, याविषयी आमच्या आप्तेष्टांनी आम्हास वेळोवेळी पुष्कळ उपदेश केला आहे. परंतु त्यांच्या यादीत बंदुकीचे नाव कधीच नव्हते, एवढे आम्ही आमच्या बचावार्थ प्रथमच नमूद करून ठेवतो. नव्हते याचे कारणही उघड आहे. आमच्या कुळात कोणी बंदूक विकत घेईल ही शंकासुद्धा कोणाच्या मनाला शिवली नसती. साताऱ्याच्या आमच्या घरी खंडेनवमीस पाटावर जी शस्त्रे मांडली जात, त्यांत विळी, अडकित्ता, वडिलांचा चाकू आणि आम्हा मुलांचे कंपास यांचा भरणा असे. एके काळी घरात एक तलवार होती म्हणतात. १८७८ साली हत्यारांचा कायदा आला, तेव्हा परवान्याची यातायात नको आणि फौजदाराचे तोंडही पाहावयास नको, म्हणून कोणा पूर्वजाने ती रातोरात माहुलीच्या डोहात सोडून दिली, अशी कथा आजी सांगे. कथा खरी असो वा खोटी, घराण्याचा स्वभाव तीत बरोबर उतरला आहे.

अशा कुळात जन्मून आम्ही २०१० सालच्या शरद ऋतूत बेर्नजवळच्या एका दुकानातून स्विस सैन्याने वापरून सोडलेली एक बंदूक साडेतीनशे फ्रँक मोजून घरी आणली. ही वार्ता साताऱ्यास पोहोचली, तेव्हा वडील बंधूंनी फोनवर एकच प्रश्न केला : “तिकडे चोरांचे भय फार आहे का रे?”

चोरांचे भय नव्हते. १९९६ साली पोटाच्या पाठीमागे आम्ही या देशी आलो, आणि थून व बेर्न यांच्या मध्ये आरे नदीच्या काठी एका खेड्यात बिऱ्हाड केले. पहिल्याच उन्हाळ्यात शनिवारी दुपारी डोंगराच्या बाजूने बार ऐकू येऊ लागले. आम्ही घाबरून खिडक्या लावल्या. थोड्या वेळाने रस्त्यावरून एक मध्यमवयीन गृहस्थ सायकलवर जाताना दिसले. पाठीला बंदूक आणि मागच्या टोपलीत कोबीचा गड्डा. ते गावच्या शाळेतले मास्तर आहेत असे पुढे कळले. या देशाचे सैन्य म्हणजे बहुतांशी हे असे मास्तर, गवंडी, बँकेतले कारकून. शिपाई आपली बंदूक घरी ठेवतो, दरवर्षी गावच्या मैदानावर तीनशे मीटरांवरील लक्ष्यावर नेम धरून आपला हात अजून शाबूत असल्याची खात्री पटवितो, आणि सेवा संपली म्हणजे बंदूक परत करतो किंवा आपल्याजवळ ठेवून घेतो. आमच्याकडे खुंटीला छत्री असते, तशी यांच्याकडे कपाटात बंदूक. चौदा वर्षे हा प्रकार पाहिल्यावर आमची भीती गेली आणि तिच्या जागी कुतूहल आले. भीती जाते ही गोष्ट चांगलीच आहे, असे आम्हास तेव्हा वाटले होते.

आमचा धंदा यंत्रांची आरेखने काढण्याचा. तेव्हा आम्हास भुरळ घातली ती बारापेक्षा घडणीने. ‘काराबिनर ३१’ हे या बंदुकीचे सरकारी नाव. १९३१ साली ती सैन्याने पसंत केली म्हणून ३१. आडोल्फ फुरर नावाच्या अधिकाऱ्याने बेर्नच्या सरकारी शस्त्रशाळेत तिची योजना केली, आणि पुढल्या पंचवीस वर्षांत तेथून अशा पाच लाखांवर बंदुका बाहेर पडल्या. इतर देशांच्या बहुतेक तत्कालीन बंदुकांत बोल्टाची मूठ आधी वर उचलावी लागे, मग मागे ओढावी, मग पुढे ढकलावी आणि पुन्हा खाली दाबावी लागे. आपल्या हिंदी पलटणींच्या हाती जी ली-एन्फील्ड होती तिचाही कित्ता हाच. येथे मात्र मूठ सरळ मागे ओढावयाची आणि सरळ पुढे लोटावयाची. आतील गोल भाग आपण होऊन फिरतो आणि आपण होऊन अडकतो. सरळ चालीतून फिरती चाल कशी निर्माण केली आहे हे पाहण्यासाठी आम्ही दुकानात ती मूठ इतक्या वेळा ओढली, की दुकानदाराने अखेर सौजन्याने विचारले, “कागद करावयाचे का?”

कागद फारसे नव्हते. हाताने बोल्ट ओढून चालविण्याच्या या जुन्या लष्करी बंदुकीस येथे आगाऊ परवाना लागत नाही. लेखी करार करावा लागतो, त्याची प्रत तीस दिवसांत कॅन्टनच्या कचेरीत जाते, आणि करार दहा वर्षे जपून ठेवावा लागतो. परदेशी मनुष्याजवळ कायम वास्तव्याचे पत्र असावे लागते. ते आमच्याजवळ होते. दुकानदाराने आणखी गुन्ह्यांच्या नोंदींचा उतारा मागितला. पंचेचाळीस वर्षांत आपल्या हातून नोंदण्याजोगे काहीच घडले नाही, हे सरकारी शिक्क्यानिशी वाचताना आम्ही किंचित खिन्न झालो, हे कबूल केले पाहिजे.

निवड करणे अधिक कठीण होते. १९५७ च्या नव्या बंदुकीने या जुनीला हळूहळू निवृत्त केल्यावर सैन्याच्या कोठारांतून त्या विक्रीस निघाल्या. कित्येक समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या, कित्येक येथेच राहिल्या. दुकानात भिंतीशी बाराएक उभ्या होत्या. दुकानदार म्हणाला, “लाकूड पाहू नका, नळी पाहा, आणि आकडे पाहा.” बोल्ट काढून घेऊन, मागल्या बाजूने डोळा लावून आणि पुढे पांढरा कागद धरून पाहिले, म्हणजे नळीतले चार चर वळसे घेत उजेडाकडे गेलेले दिसतात. ते धारदार आणि चकचकीत असावेत. नळीच्या तोंडाशी ते झिजलेले असले तर समजावे की मागल्या मालकाने साफसफाईचा गज निष्काळजीपणाने पुढून घातला आहे. मग आकडे. नळी, सांगाडा, बोल्ट आणि काडतुसांची पेटी या सर्वांवर एकच क्रमांक किंवा त्याच क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. एका सुंदर, फिकट बीच लाकडाच्या बंदुकीवर आमचे मन बसले होते. परंतु तिचा बोल्ट दुसऱ्याच घरचा निघाला. शेवटी आम्ही १९४३ सालची, अक्रोडाच्या दस्त्याची, एक घेतली. आकडे सगळे जुळत होते. दस्त्याचा खालचा तिसरा हिस्सा मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखा झाला होता. खिळे मारलेल्या बुटांचे आणि बर्फातल्या मुक्कामांचे ते घाव, असे दुकानदाराने सांगितले.

दस्त्याच्या बुडाशी लोखंडी पत्रा दोन स्क्रूंनी बसविलेला असतो. त्याखाली पुष्कळदा शिपायाच्या नावाची चिठ्ठी सापडते, हे आम्ही ऐकून होतो. घरी आल्यावर पहिले काम ते केले. चिठ्ठी होती. विड्याच्या पानाच्या देठाशी जसा रंग असतो तशी ती पिवळी पडली होती; तीवर नाव, जन्मसाल, पलटण, आणि एमेन्टालमधील एका वाडीचा पत्ता टंकलिखित होता. नाव येथे देण्याचे कारण नाही. तो गृहस्थ हयात असता तर नव्वदीच्या घरात असता. आमच्या मनात आले की आपणही देवनागरीत आपल्या नावाची एक चिठ्ठी लिहून त्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवावी. हा बेत आम्ही शेजाऱ्यांना सांगितला, तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, “ती जागा बंदूक विकत घेणाऱ्याची नव्हे.” आम्ही पत्रा पुन्हा लावून टाकला.

या शेजाऱ्यांविषयी आता सांगितले पाहिजे. धंद्याने ते सुतार. जन्म १९३१ चा, म्हणजे बंदुकीच्या नावाइतकेच त्यांचे वय. १९५१ साली विसाव्या वर्षी ते सैनिकी शिक्षणास गेले ते हीच बंदूक घेऊन. पुढे नवी मिळाली. सेवा संपल्यावर त्यांनी ती परतही करून टाकली. का, असे आम्ही विचारले. “घरात तीन मुली होत्या. जागा लागते,” एवढेच उत्तर मिळाले. आमची बंदूक पाहावयास ते आले, तेव्हा त्यांनी बंदुकीकडे फारसे पाहिलेच नाही, आमचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, “तुमच्या तळव्यांना घाम येतो का?” येतो, असे आम्ही म्हटले. “मग प्रत्येक वेळी पुसा. नुसती पाहिलीत, तरी पुसा.” घामातील मीठ बोटांच्या ठशांवाटे पोलादावर उतरते आणि दोन दिवसांत तेथे तांबूस डाग धरतो, हे आम्ही पुढे एकदा आळस करून स्वतः पाहिले. आमच्या अंगठ्याचा तो ठसा बंदुकीवर अद्याप आहे.

त्यांच्या शिक्षणाचा क्रम असा. प्रथम, बंदूक रिकामी आहे हे पाहावयाचे. मग पुन्हा पाहावयाचे. आत्ताच पाहिले असले तरी, आणि स्वतःच्या हाताने ठेवली असली तरीही. मग पेटी काढावयाची, बोल्ट मागे ओढून बाजूचा खटका दाबून तो अलगद बाहेर घ्यावयाचा, आणि नळी मागल्या तोंडाकडूनच साफ करावयाची. कोरडी चिंधी, मग तेलाची, मग पुन्हा कोरडी. चिंधी जशी गेली तशी परत येईपर्यंत. त्यानंतर चिंधीवर नुसता डाग पडेल इतकेच वंगण नळीत, आणि बोल्टाच्या ज्या दोन खांद्यांवर बाराचा सगळा धक्का येतो त्यांच्यावर थोडे अधिक. मैदानावर जाण्यापूर्वी नळीतले वंगण पुसून काढावयाचे. हिवाळ्यात थंडीतून बंदूक उबेच्या खोलीत आणली की तिला चष्म्यासारखे दव सुटते. तेव्हा ती पेटाऱ्यात कोंडावयाची नाही, तासभर उघडी ठेवून मग कोरडी करावयाची. चामड्याच्या पट्ट्यास वर्षातून दोनदा चरबी. आम्ही वहीत लिहून घेऊ लागलो, तेव्हा त्यांनी वही मिटविली. म्हणाले, “हाताला लिहू द्या.”

एकदा मात्र ते रागावले. दस्त्यावरचे ते कुरतडलेले घाव आमच्या डोळ्यांना सलत होते. आम्ही तीन प्रकारचे काचकागद आणले आणि एके रविवारी अंगणात बसून घासण्यास आरंभ करणार, इतक्यात म्हातारबुवा कुंपणापाशी आले. त्यांनी तिन्ही काचकागद उचलले, घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातले. मग आपल्या घरून जवसाच्या तेलाची बाटली आणली. चार थेंब तळहातावर घेऊन, तळहात तापेपर्यंत तो अक्रोडावर फिरवावयाचा. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसावयाचे. वर्षातून एकदा, अधिक नाही. तेलाचा बोळा त्यांनी कुंपणावर पसरून वाळत घातला. असले बोळे गोळा करून टाकले तर तेल सुकताना आपोआप तापते आणि पेट घेते, त्यांच्या ओळखीच्या एका सुताराचा कारखाना असाच गेला होता. घाव जसेच्या तसे राहिले, पण त्यांना मधासारखी झाक आली. आम्हास आता ते घाव सलत नाहीत.

या घावांत युद्धाचा एकही नाही, ही गोष्ट आमच्या मनात फार वेळा येते. ती बनली त्या वर्षी सगळे युरोप पेटलेले होते, आणि हा चिमुकला देश चहूकडून वेढलेला होता. चिठ्ठीतला तो तरुण या बंदुकीसह कोठल्या घाटात बर्फात उभा राहिला असेल. पण माणसावर ती झाडण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नसावा. १९४४ च्या मे महिन्यात फ्रान्सातील एपिनाल येथल्या छावणीवर अमेरिकन विमानांचे बाँब पडले, आणि जर्मनांच्या कैदेतील हिंदी सैनिक फुटलेल्या कुंपणांतून बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे पाचशे पायी चालत, फ्रेंच शेतकऱ्यांच्या आसऱ्याने, स्वित्झर्लंडच्या हद्दीत येऊन पोहोचले. हद्दीवर त्यांना जे पहारेकरी भेटले त्यांच्या खांद्यावर बहुधा याच घडणीची बंदूक असेल. आमच्या देशबांधवांनी या बंदुकीचे जे पहिले दर्शन घेतले ते सुटकेच्या क्षणी घेतले, हे कोठे वाचले तेव्हा आम्ही कपाट उघडून तिच्याकडे उगीच एकदा पाहून आलो.

२०११ च्या उन्हाळ्यारंभी ‘फेल्डशीसेन’ नावाचा उत्सव होता. देशभर लाखाच्या वर माणसे त्या वेळी आपापल्या गावच्या मैदानांवर अठरा अठरा गोळ्या झाडतात. म्हातारबुवा आम्हास घेऊन गेले. पालथे पडून, गाल अक्रोडावर टेकून, तीनशे मीटरांवरचा तो काळा ठिपका पाहताना आमचा श्वास लागला. पहिल्या बाराने खांद्याला असा दणका दिला की चष्मा नाकावर आला. आमचे गुण येथे सांगण्यासारखे नाहीत. पण नंतर बाकावर बसल्यावर म्हातारबुवांनी बिअरचा पेला पुढे केला, आपले पहिले नाव सांगितले, आणि ‘तू’ म्हणण्याची मुभा दिली. या देशात पंधरा वर्षांच्या शेजारानंतर ‘तुम्ही’चे ‘तू’ होणे ही लहान गोष्ट नव्हे. वडील माणसास ‘तू’ म्हणावयास आमची जीभ मात्र वळेना. आम्ही त्यांचे वाक्यच असे रचू लागलो की त्यात सर्वनाम येऊ नये.

येथवर आमच्या सौभाग्यवतींचे नाव आले नाही, त्यावरून त्या या प्रकरणात उदासीन होत्या असे कोणी समजू नये. त्या औषधांच्या प्रयोगशाळेत काम करतात. बंदूक घरात आली त्या संध्याकाळी त्यांनी ती उचलूनसुद्धा पाहिली नाही; एवढेच म्हणाल्या, “अहो, आमच्याकडे विष आणि विषाच्या कपाटाची किल्ली एका माणसाच्या हाती ठेवीत नाहीत.” नंतर काही महिन्यांतच, १३ फेब्रुवारी २०११ रोजी, सैन्याच्या बंदुका घरोघरी न ठेवता कोठारात ठेवाव्यात या प्रस्तावावर देशभर मतदान झाले. घरातील बंदुकीने किती तरुण आणि किती बायका गेल्या, याची चर्चा त्या हिवाळ्यात प्रत्येक जेवणाच्या टेबलावर होती. काडतुसांचे सीलबंद डबे शिपायांच्या घरून परत घेण्याचे सरकारने २००७ सालीच ठरविले होते. आता प्रश्न बंदुकीचा होता. आम्हा परदेशीयांस मत नव्हते, पण घरात मतदान झाल्यावाचून राहिले नाही. आम्ही म्हटले, आमची बंदूक सैन्याची नव्हे, पुराणवस्तू आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, “नळीला ते ठाऊक आहे का?” देशात प्रस्ताव ५६.३ टक्के मतांनी नामंजूर झाला. आमच्या घरात मंजूर झाला. बंदूक आमच्या कपाटात. बोल्ट त्यांच्या कपाटात, त्यांच्या किल्लीखाली. मैदानावर जाताना मागून घ्यावयाचा आणि त्याच संध्याकाळी परत द्यावयाचा. अपरिचित हाती पडणार नाही अशा रीतीने शस्त्र ठेवावे एवढेच कायदा सांगतो. बोल्ट निराळा ठेवण्याची सक्ती आमच्या जातीच्या बंदुकीस नाही. ही सक्ती आमच्या घरची होती, आणि तीन उन्हाळे आम्ही ती पाळली.

२०१३ च्या ऑक्टोबरात मोसमातले शेवटचे मैदान झाले. पावसात भिजून आम्ही परतलो. हिवाळ्यापूर्वीचे मोठे वंगण करावयाचे होते. ते उद्यावर टाकले, मग रविवारवर. बंदूक पुसून कपाटात ठेवली, बोल्ट आतच. काडतुसांची दोन पाकिटे तळघरात उरली होती. सौभाग्यवतींनी त्या आठवड्यात रात्रपाळी केली आणि विचारावयाचे राहिले; आम्ही सांगावयाचे राहिलो. वंगण पुरते घालूनच द्यावा, अशी एक सबब मनाशी होती. सबब चांगली होती. सगळ्याच सबबी चांगल्या असतात.

नवव्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. आमच्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा, आमच्या घरी कित्येकदा पोळीभाजी खाऊन गेलेला, आदल्या रात्री आपल्या वडिलांच्या बंदुकीने गेला होता. सौभाग्यवतींनी फोन ठेवला, आमच्याकडे न पाहता कपाटाकडे गेल्या आणि आमच्या किल्लीने ते उघडले. पुढे काय बोलणे झाले ते लिहिण्यात अर्थ नाही, कारण बोलणे झालेच नाही. आमचा मुलगा दारात उभा होता. तो तेव्हा अठराचा होता. तो सबंध शरद त्याने खोलीचे दार लावून काढला होता आणि आम्ही ते परीक्षेच्या माथी मारीत होतो. तो म्हणाला, “आई, आठ दिवस तो आतच होता. मी पाहिला होता.”

त्याने आणखी काही सांगितले नाही, आणि आम्हास विचारण्याचे धैर्य झाले नाही. पुढे पुष्कळ महिन्यांनी, ज्या डॉक्टरीण बाईंकडे तो जात असे त्यांच्यापाशी तो बोलला. त्या काय बोलणे झाले ते आम्हास सांगत नसत, आणि ते योग्यच होते.

त्याच संध्याकाळी सौभाग्यवती बोल्ट एका जुन्या पंचात गुंडाळून कुंपणापलीकडे गेल्या. म्हातारबुवांनी तो घेतला, कारण विचारले नाही. काडतुसे आम्ही मैदानाच्या चिटणिसांस देऊन आलो. बंदूकही विकून टाकू, असे आम्ही म्हटले; तेव्हा सौभाग्यवतींनीच ते अडविले. “आज विकलीत तर तो समजेल त्याच्यामुळे गेली,” असे त्या म्हणाल्या. त्याच वर्षी या देशातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांनी तो मिळवून वाचला. २००३ पासून सैन्याची संख्या निम्म्यावर आली, तशा लाखो घरांतून बंदुका गेल्या, आणि त्या वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या घटल्या. बंदूक हाताशी नसल्यामुळे जे वाचले त्यांतल्या बहुतेकांनी दुसरा मार्ग शोधला नाही. माणसाला त्या एका रात्रीतून पार व्हावयाचे असते, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही तीन वर्षे या बंदुकीवर लेख आणि पुस्तके वाचीत होतो, आणि तेवढेच नेमके वाचले नव्हते.

बोल्टावाचून बंदूक ही मोठी विचित्र वस्तू आहे. मागून पाहावे तर नळीतून थेट खिडकीतले झाड दिसते. तरी आम्ही तिची निगा सोडली नाही. वर्षातून सहा वेळा बाहेर काढावी, चिंधी फिरवावी, अक्रोडाला तळहात लावावा. मुलगा कधी कधी शेजारी येऊन बसे. एकदा त्याने गज हातात घेतला आणि मागल्या बाजूने, आम्ही न सांगता, बरोबर घातला. आमचे हात त्या वेळी थरथरत होते, त्याचे नव्हते. २०१५ साली तो शिकावयास झुरिकला गेला. आता तो नोकरीस आहे, दर रविवारी फोन करतो आणि आईशी आमच्यापेक्षा अधिक वेळ बोलतो. बोल्ट परत मागावयाचे कारण आता उरले नव्हते, असे कोणी म्हणेल. पण मागावयास आमचे तोंड नव्हते. म्हातारबुवांनीही तो विषय काढला नाही. कुंपणाशी भेट झाली म्हणजे हवेच्या आणि सफरचंदांच्या गोष्टी होत.

ते २०१९ च्या वसंतात गेले. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, अंथरुणात. पंधरा दिवसांनी त्यांच्या मधल्या कन्येने आमचे दार ठोठावले. हातात तो पंचाच होता. स्वच्छ धुतलेला, आणि आत बोल्ट. पोलादावर बोटाचा एक ठसा नव्हता. दोन्ही खांद्यांवर वंगण ताजे होते. पंचाच्या घडीत एक पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्यावर सुताराच्या जाड शिसपेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या, एकाखाली एक, २०१३ च्या नोव्हेंबरपासून. प्रत्येक वर्षी सहा.

शेवटची तारीख फेब्रुवारीतली होती. त्यापुढचे आकडे वाकडे झाले होते.

आम्ही बंदूक बाहेर काढून बोल्टावरचा क्रमांक नळीशी ताडून पाहिला. पाहण्याची गरज नव्हती, पण पाहिला. बोल्ट आत बसविला नाही. सौभाग्यवतींनी पुठ्ठा चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, आणि पंचाची घडी होती तशी घालून बोल्ट आपल्या कपाटात ठेवला. मग किल्ली कमरेला लावताना म्हणाल्या, “आता पुढची तारीख तुम्हांला लिहावी लागेल. पेन्सिल आणून ठेवा.”